वाकलेल्या उजेडाची चित्रं कशी वाचायची

व्होलान्स या तारकासमूहाचा दक्षिणेकडचा भाग हिंगोली जिल्ह्यातल्या कुरुंदा गावाच्या आकाशात कधीच उगवत नाही. गाव विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेएकोणीस अंशांच्या आसपास आहे आणि तिथून उणे ७१ अंशांच्या दक्षिणेचं आकाश वर्षभर क्षितिजाखालीच राहतं. पण १२ जुलै २०२२ च्या पहाटे, आपल्या घड्याळाप्रमाणे, जेम्स वेब दुर्बिणीचं पहिलं रंगीत चित्र जगासमोर आलं ते याच भागातल्या एका इवल्याशा जागेचं. त्या जागेचं नाव एसएमएसीएस ०७२३. साडेबारा तास प्रकाश साठवून घेतलेल्या या चित्रात हजारो दीर्घिका आहेत. मधोमध पांढरट, धुरकट दीर्घिकांचा घोळका आहे आणि त्याच्याभोवती नारिंगी-लालसर, ओढून ताणल्यासारख्या वाकड्या रेघा आहेत.

खगोलशास्त्राची गोडी नुकतीच लागलेल्या माणसाची नजर त्या रेघांवर थांबते. कॅमेरा हलला का? या दीर्घिका मधल्या घोळक्याभोवती फिरतायत का? त्या खरंच अशा वाकड्या आहेत का? तिन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असं आहे. नुसतं ‘नाही’ सांगून मात्र काही कळत नाही. या लेखात मी गुरुत्वीय भिंगाच्या, म्हणजे वाटेतल्या वस्तुमानाने वळवलेल्या उजेडाच्या, चित्रांविषयी जे ठामपणे माहीत आहे, जे अजून वादात आहे आणि ज्याला महाराष्ट्रातल्या संशोधकांचा हात लागला आहे, त्याचा आढावा घेणार आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की असं चित्र आधी अंतरांप्रमाणे उलगडून मांडायचं आणि मग त्याचा अर्थ लावायचा. त्यात शेजारी दिसणाऱ्या गोष्टी शेजारी नसतात. सगळ्यात उठून दिसणाऱ्या कमानी तर वस्तूंचे खरे आकारच नसतात, त्या वस्तूंपासून निघालेला उजेड कोणत्या वाटेने आला याच्या खुणा असतात.

आधी अंतरं लावा

एसएमएसीएस ०७२३ चं चित्र मोठं करून पाहा. टोकदार किरणं फुटलेले ठळक ठिपके हे आपल्याच आकाशगंगेतले तारे आहेत. ते सगळ्यात जवळचे, आणि या कथेशी त्यांचा काहीही संबंध नाही. ती किरणंसुद्धा ताऱ्याची नाहीत, दुर्बिणीची आहेत. वेबच्या आरशाच्या षटकोनी तुकड्यांमुळे सहा मोठी आणि दुय्यम आरशाच्या आधारदांड्यांमुळे दोन लहान किरणं उमटतात, हबलच्या चित्रात चार उमटतात. चित्र कोणत्या दुर्बिणीचं आहे हे यावरून लगेच ओळखता येतं. नवशिक्याने हे तारे मनातल्या मनात पुसून टाकावेत.

दुसरा थर मधल्या घोळक्याचा. या दीर्घिका एकमेकींशी गुरुत्वाने बांधलेल्या आहेत, हा दीर्घिकांचा समूह आहे. त्याचा प्रकाश आपल्याकडे यायला सुमारे ४६० कोटी वर्षं लागली, म्हणजे पृथ्वीचं जेवढं वय तेवढा काळ. हाच समूह भिंगाचं काम करतो.

तिसरा थर त्याच्याही मागचा. वाकड्या रेघा तिथल्या दीर्घिकांच्या आहेत. त्यांचा समूहाशी काही संबंध नाही, फक्त आपल्या नजरेच्या रेषेत त्या योगायोगाने त्याच्यामागे आल्या आहेत. त्यांपैकी ‘स्पार्कलर’ म्हणून ओळखली जाणारी एक दीर्घिका तर या एका चित्रात तीन ठिकाणी दिसते. तिचा प्रकाश सुमारे ९०० कोटी वर्षांपूर्वी निघाला आणि समूहाजवळून येताना तीन वेगवेगळ्या वाटांनी आपल्यापर्यंत पोचला. याच चित्रात १३०० कोटी वर्षांहूनही जुना प्रकाश आहे.

हे तीन थर डोळ्यांसमोर आले, की चित्र एकदम वेगळं दिसू लागतं. रंगांचं काय? हबलच्या चित्रांत समूहातल्या म्हाताऱ्या ताऱ्यांनी भरलेल्या दीर्घिका पिवळसर दिसतात आणि मागच्या, नवे तारे घडवणाऱ्या दीर्घिकांच्या कमानी बहुधा निळ्या. वेब दुर्बीण अवरक्त प्रकाश पाहते. तो डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून त्याला रंग नेमून दिलेले असतात. सगळ्यात आखूड तरंगलांबीला निळा, सगळ्यात लांब तरंगलांबीला लाल. तेव्हा दोन दुर्बिणींच्या चित्रांतले रंग परस्परांशी जुळवायला जाऊ नये. एकाच चित्रातल्या दोन कमानींचे रंग मात्र जरूर जुळवून पाहावेत. गुरुत्व सगळ्या रंगांच्या प्रकाशाला सारखंच वळवतं, त्यामुळे एकाच दीर्घिकेच्या दोन प्रतिमांचा रंग सारखा निघायला हवा. ही या विषयातली पहिली आणि सगळ्यात स्वस्त कसोटी आहे.

उजेड वाकतो म्हणजे काय

आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षतेप्रमाणे वस्तुमानाजवळ अवकाश आणि काळ दोन्ही वक्र होतात आणि प्रकाश त्या वक्रतेतली आपली वाट धरतो. याची पहिली मोठी परीक्षा २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात झाली. त्या दिवशी सूर्य रोहिणीच्या तारकांमध्ये होता. आपल्याकडे शेतकरी रोहिणीचा पाऊस पडतो का याची वाट बघतो, तोच हा काळ. एरवी सूर्याच्या झगझगाटात लपणारे ते तारे ग्रहणात दिसले आणि आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर एडिंग्टन यांनी, तसंच ब्राझीलमधल्या सोब्राल इथे दुसऱ्या तुकडीने, त्यांची छायाचित्रं घेतली. सूर्याच्या कडेला घासून येणारा किरण १.७५ विकला वळायला हवा असं आइन्स्टाइनचं गणित होतं. न्यूटनच्या गुरुत्वावरून काढलं तर याच्या निम्मं येतं. एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. निकाल आइन्स्टाइनच्या बाजूने लागला.

मग सूर्याभोवती आपल्याला कधी प्रकाशाचं कडं का दिसत नाही? कारण आपण सूर्याच्या फार जवळ आहोत. त्याच्या चहूबाजूंनी वळलेले किरण एकत्र येतात ते पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे ५५० पट लांब. भिंगाला काम करायला अंतर लागतं, म्हणून ही सगळी चित्रं कोट्यवधी प्रकाशवर्षांच्या पलीकडची असतात.

वाचनाचं साधं भिंग आणि हे भिंग यांच्यात एक मोठा फरक आहे. वाचनाच्या भिंगात कडेचे किरण जास्त वळतात आणि मधले कमी, म्हणून ते सगळे एका बिंदूवर येतात. गुरुत्वाचं उलट आहे. वस्तुमानाच्या जितकं जवळून जाल तितकं वळण जास्त. दांडी असलेल्या काचेच्या पेल्याची बैठक मध्यभागी जाड आणि कडेला पातळ असते, तिचं वागणं या भिंगासारखं आहे. आलेखाच्या कागदावर एक ठिपका काढून त्या बैठकीतून पाहिलं, तर ठिपका बरोबर मध्यावर असताना त्याचं कडं होतं, किंचित सरकवला की कडं तुटून दोन कमानी होतात, आणखी सरकवला की एक मोठी आणि एक बारीक अशा दोन प्रतिमा उरतात. आकाशातही हाच क्रम आहे. भिंग नेमकं गोल नसून लंबगोल असेल तर चार प्रतिमाही होऊ शकतात. काही प्रतिमा आरशातल्यासारख्या उलट्या असतात, डावं-उजवं बदललेल्या. दीर्घिकेत एखादा ठळक ठिपका असेल तर लागून असलेल्या दोन प्रतिमांत त्याची जागा कशी बदलते ते पाहावं, खूप काही कळतं.

आणखी एक गोष्ट बहुतेक नवशिक्यांच्या लक्षात येत नाही. हे भिंग मागच्या दीर्घिकेच्या पृष्ठभागाचं तेज वाढवत नाही, तिचं दिसणारं क्षेत्रफळ वाढवतं. क्षेत्रफळ वाढलं म्हणजे एकूण प्रकाश वाढला. म्हणूनच एरवी दिसल्या नसत्या अशा दीर्घिका दिसतात. ३० मार्च २०२२ रोजी जाहीर झालेला ‘इअरेंडेल’ हा १२९० कोटी वर्षांपूर्वीच्या प्रकाशात दिसलेला तारा असाच हाती लागला. भिंगाने त्याचा प्रकाश हजारो पटींनी वाढवला होता.

शंकेपासून सप्तर्षींपर्यंत

आइन्स्टाइन यांनी १९३६ साली रूडी मांडल या अभियंत्याच्या आग्रहावरून ‘सायन्स’मध्ये एक छोटा लेख लिहिला. एका ताऱ्यामागे दुसरा तारा नेमका आला तर कडं दिसेल, पण ते प्रत्यक्ष पाहायला मिळण्याची फारशी आशा नाही, असं त्यांचं मत पडलं. ताऱ्यांपुरतं ते त्या काळात रास्त होतं. पुढच्याच वर्षी फ्रिट्झ झ्विकी यांनी म्हटलं, की तारे कशाला, दीर्घिका घ्या, त्या कितीतरी जड आहेत. झ्विकी बरोबर ठरले, पण त्याला ४२ वर्षं लागली.

१९७९ च्या मार्चअखेर डेनिस वॉल्श, बॉब कार्सवेल आणि रे वायमन यांनी सप्तर्षी तारकासमूहातल्या दोन क्वेसारांचे वर्णपट घेतले. क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकेचं अतिशय तेजस्वी केंद्र. हे दोन ठिपके फक्त ६ विकला अंतरावर होते आणि त्यांचे वर्णपट हुबेहूब सारखे निघाले. दोन क्वेसार इतके सारखे असतील हे पटण्याजोगं नव्हतं. तो एकच क्वेसार होता आणि मधल्या एका दीर्घिकेमुळे दोनदा दिसत होता. त्याचं नाव क्यू ०९५७+५६१. पुढे असंही दिसलं, की एका प्रतिमेच्या तेजात जे चढउतार होतात तेच दुसरीत ४१७ दिवसांनी होतात, कारण एक वाट दुसरीपेक्षा लांब आहे. शंकेला यापुढे जागाच उरली नाही.

चैत्र-वैशाखात रात्री नऊच्या सुमारास कुरुंद्याच्या शिवारातून उत्तरेकडे पाहिलं तर सप्तर्षी चांगले वर आलेले असतात. त्यांतल्या पुलहाच्या पश्चिमेला साधारण ८ अंशांवर ही जागा आहे. डोळ्यांना तिथे काहीच दिसणार नाही, आणि लहान दुर्बिणीलाही नाही. क्वेसारच्या प्रतिमा सतराव्या प्रतीच्या आसपास आहेत, त्यांना मोठा आरसा आणि अंधारं आकाश लागतं. हे स्पष्ट सांगितलेलं बरं, नाहीतर नवी दुर्बीण घेतलेल्या मुलाची विनाकारण निराशा होते. पण ज्या दिशेने उजेड दोन वाटांनी येतो ती दिशा बोटाने दाखवता येणं हेही कमी नाही.

यानंतर शोध भराभर लागले. १९८५ मध्ये महाश्व तारकासमूहातला चार प्रतिमांचा ‘आइन्स्टाइन क्रॉस’ सापडला. १९८७ च्या सुमारास आबेल ३७० या समूहात पहिली मोठी कमान दिसली. ती खरोखर तिथलीच एखादी वस्तू असावी असं काहींना वाटत होतं. १९८८ साली तिचा वर्णपट मिळाला आणि कमान समूहाच्या जवळजवळ दुप्पट ताम्रसृतीवर (प्रकाश लाल रंगाकडे किती सरकला याचं माप; ते जितकं जास्त तितकी वस्तू दूर), म्हणजे बरीच मागे असल्याचं सिद्ध झालं. त्याच वर्षी पहिलं आइन्स्टाइन कडं रेडिओ दुर्बिणीने दाखवलं.

फसवणारी चित्रं

इथे थोडं जास्त थांबायला हवं, कारण शिकणारा माणूस अडकतो तो इथेच. दिसलेली प्रत्येक कमान भिंगाची नसते आणि प्रत्येक कडं आइन्स्टाइनचं नसतं.

सगळ्यात बोलकं उदाहरण होगच्या वस्तूचं. १९५० मध्ये आर्थर होग यांना भुजंग तारकासमूहात एक पिवळसर गोळा आणि त्याच्याभोवती जवळपास निर्दोष निळसर कडं दिसलं. हा गुरुत्वीय भिंगाचा परिणाम असू शकेल ही शक्यता होग यांनी स्वतःच मांडली होती. चित्र पाहून आज कुणालाही तसंच वाटेल. पुढे मधल्या गोळ्याची आणि कड्याची ताम्रसृती मोजली गेली आणि ती सारखी निघाली. म्हणजे दोन्ही एकाच अंतरावर आहेत, पुढे-मागे नाहीत. भिंग असेल तर कडं मागचं असायला हवं. होगची वस्तू ही खरोखरच कड्याच्या आकाराची दीर्घिका आहे. अंतराशिवाय आकाराला अर्थ नाही, हे यातून जितकं स्पष्ट होतं तितकं दुसऱ्या कशातून होत नाही.

कडेने दिसणारी चक्राकार दीर्घिका हाही नेहमीचा चकवा. ती लांबट, बारीक रेघ दिसते, पण सरळ असते आणि तिच्या मध्याशी फुगवटा असतो. भिंगाची कमान वक्र असते आणि त्या वक्राचा आतला भाग समूहाच्या जड भागाकडे असतो. चित्रातल्या दहा-वीस रेघांना मनाने लंब काढत गेलं तर ते सगळे साधारण एकाच जागेकडे येतात. ती जागा म्हणजे भिंगाचं केंद्र. ज्या रेघेचा लंब भलतीकडे जातो तिच्यावर संशय घ्यावा. चक्राकार दीर्घिकेचा एखादा ठळक फाटा कमानीसारखा दिसतो, तिथे तो मूळ दीर्घिकेला जोडलेला आहे का ते पाहावं. दोन क्वेसार जवळजवळ दिसले, तरी ती खरीच जोडी असू शकते. तिथे वर्णपटाशिवाय गत्यंतर नाही.

मराठी वाचकाला कुरुंद्याचं नाव ठाऊक आहे ते विचारवंत नरहर कुरुंदकरांच्या आडनावामुळे. समोरचं विधान कितीही आवडतं असलं तरी त्याचा पुरावा तपासायचा, ही त्यांच्या लेखनातली शिस्त होती. या चित्रांपुढे बसताना तिची मला वारंवार आठवण होते. सुंदर कडं दिसलं की ते भिंगाचंच असावं असं वाटायला लागतं.

पुण्या-मुंबईची भर

भिंगाच्या गणितातला एक नियम असा, की पसरट वस्तुमानाच्या भिंगातून होणाऱ्या प्रतिमांची संख्या विषम असायला हवी. प्रत्यक्षात दिसतात त्या दोन किंवा चार. तिसरी किंवा पाचवी कुठे गेली? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डी. नरसिंह, के. सुब्रमण्यन आणि शशिकुमार चित्रे यांनी १९८६ साली ‘नेचर’मध्ये याच हरवलेल्या प्रतिमेवर लेख लिहिला. भिंगदीर्घिकेच्या गाभ्यात वस्तुमान फार घट्ट एकवटलेलं असेल तर मधली प्रतिमा इतकी मंद होते, की ती दिसतच नाही. म्हणजे चित्रात एखादी गोष्ट न दिसणं हीसुद्धा माहिती आहे, तिच्यावरून दीर्घिकेच्या गाभ्याचा अंदाज बांधता येतो. टाटा संस्थेच्याच प्रमेश राव यांनी रवी सुब्रह्मण्यन यांच्याबरोबर १९८८ मध्ये पीकेएस १८३०-२११ या रेडिओ स्रोताची दुहेरी रचना भिंगामुळे असावी हे दाखवलं. पुढे तिथे आइन्स्टाइन कडं सापडलं.

जुन्नर तालुक्यातल्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. २०२३ च्या जानेवारीत अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांनी तिच्या निरीक्षणांतून एक विलक्षण निष्कर्ष मांडला. हायड्रोजन वायू २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतो. त्या इतक्या क्षीण असतात, की फार दूरच्या दीर्घिकेतून त्या पकडणं अशक्यप्राय मानलं जात होतं. पण सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वीच्या एका दीर्घिकेपुढे दुसरी दीर्घिका भिंग म्हणून उभी होती आणि तिने हा संकेत सुमारे ३० पट वाढवला. विश्वाच्या प्रसरणामुळे लहरींची लांबी तोवर ४८ सेंटिमीटर झाली होती. खोडदच्या तबकड्यांनी त्या टिपल्या. अशा चित्रात पाहायला कमान नसते, आलेखावरचा एक उंचवटा असतो. तरीही ते गुरुत्वीय भिंगाचंच चित्र आहे, आणि माझ्या मते या विषयातलं महाराष्ट्राच्या भूमीवरचं सगळ्यात मोलाचं काम.

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या अनुप्रीता मोरे यांचं काम नवशिक्यांच्या सगळ्यात जवळचं. २०१३ मध्ये फिल मार्शल आणि अप्रजिता वर्मा यांच्याबरोबर त्यांनी ‘स्पेस वार्प्स’ हा उपक्रम सुरू केला. कोणीही, कुठूनही, दुर्बिणीच्या चित्रांत भिंगं शोधायची. सुमारे ३७,००० स्वयंसेवकांनी ८ महिन्यांत एक कोटी दहा लाख वेळा चित्रांवर आपला कौल दिला आणि संगणकाच्या हातून निसटलेली २९ आशादायक भिंगं पुढे आली. यातली पद्धत फार विचारपूर्वक आखलेली होती. खऱ्या चित्रांत अधूनमधून संगणकाने बनवलेली भिंगं पेरलेली असत. ओळखलं तर लगेच कळायचं, चुकलं तरी कळायचं. माणूस शिकत जायचा आणि त्याच्या कौलाला किती वजन द्यायचं हे त्यावरून ठरायचं. २०१४ मध्ये अशाच शोधात एक लालसर कडं सापडलं. ते दूरच्या, झपाट्याने तारे घडवणाऱ्या दीर्घिकेचं निघालं.

कड्यावरून वजन, उशिरावरून वय

शास्त्रज्ञ या चित्रांचा एवढा ध्यास का घेतात? कारण कड्याची त्रिज्या मोजली, की आतलं वस्तुमान कळतं. अंतरं सारखी असतील आणि त्रिज्या दुप्पट असेल, तर वस्तुमान चौपट. एकट्या दीर्घिकेचं कडं साधारण १ ते २ विकलांचं असतं, समूहाचं ३० विकला किंवा त्याहून मोठं. पौर्णिमेचा चंद्र सुमारे १८०० विकला रुंद दिसतो, त्यावरून ही चित्रं किती बारीक आहेत याचा अंदाज येईल. वस्तुमान असं मोजलं तर समूहातल्या ताऱ्यांचं आणि तप्त वायूचं मिळून जे भरतं त्याच्या कितीतरी पट जास्त निघतं. उरलेलं म्हणजे न दिसणारं कृष्णद्रव्य. युक्लिड या युरोपीय अवकाश दुर्बिणीने १० फेब्रुवारी २०२५ रोजी एनजीसी ६५०५ या दीर्घिकेभोवतीचं पूर्ण कडं जाहीर केलं. ही दीर्घिका १८८४ पासून माहीत होती, ती फक्त ५९ कोटी प्रकाशवर्षांवर आहे, आणि तरी कडं कुणाला दिसलं नव्हतं. कड्याच्या आतल्या वस्तुमानात कृष्णद्रव्य सुमारे ११ टक्के निघालं. दीर्घिकेच्या गाभ्यात ते कमी असतं, समूहाच्या पसाऱ्यात त्याचाच वरचष्मा असतो.

दुसरा उपयोग काळाचा. नॉर्वेचे श्युर रेफ्स्डाल यांनी १९६४ मध्ये सुचवलं, की भिंगामागे तारा स्फोट पावला तर त्याच्या प्रतिमा वेगवेगळ्या वेळी दिसतील आणि त्या फरकावरून विश्व किती वेगाने प्रसरण पावतंय ते काढता येईल. नोव्हेंबर २०१४ मध्ये पॅट्रिक केली यांना अशा स्फोटाच्या चार प्रतिमा एकदम दिसल्या. आणखी एक प्रतिमा वर्षभराने उमटेल असं भाकीत अनेक गटांनी केलं आणि डिसेंबर २०१५ मध्ये ती खरंच उमटली. रेफ्स्डाल २००९ मध्येच वारले होते, स्फोटाला त्यांचं नाव दिलं गेलं. त्या नोंदींवरून २०२३ मध्ये प्रसरणाचा दर मेगापार्सेक या अंतराच्या एककामागे सेकंदाला सुमारे ६६.६ किलोमीटर निघाला. क्वेसारांच्या भिंगांवरून आधी ७३ च्या आसपास आला होता आणि वेब दुर्बिणीने पाहिलेल्या दुसऱ्या एका स्फोटावरून ७५ च्या आसपास. अनिश्चितता इतकी आहे, की यातला एक आकडा खरा आणि बाकीचे खोटे असं आज कुणी म्हणू नये. जास्त भिंगं मिळाल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही.

तिसरा प्रकार डोळ्यांना दिसतच नाही. भिंग क्षीण असेल तर मागच्या दीर्घिकांचा आकार टक्काभर ताणला जातो. एकेका दीर्घिकेकडे पाहून काही कळत नाही, पण कोट्यवधी दीर्घिकांचे आकार एकत्र मोजले तर कृष्णद्रव्याचा नकाशा तयार होतो. आयुकाचे सुरहुद मोरे यांचा सहभाग असलेल्या सुबारू दुर्बिणीच्या सर्वेक्षणात सुमारे अडीच कोटी दीर्घिकांवरून २०२३ मध्ये दिसलं, की द्रव्य अपेक्षेपेक्षा थोडं कमी एकवटलंय. २०२५ मध्ये दुसऱ्या एका मोठ्या सर्वेक्षणात हा फरक फारसा उरला नाही. वाद चालू आहे.

औंढ्याजवळ काय येऊ घातलंय

कुरुंदा वसमत तालुक्यातलं. शेजारच्या औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा इथे गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळातले तरंग, टिपणारं लायगो-इंडिया हे यंत्र उभं राहतंय. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन लायगो यंत्रांनी पहिल्यांदा गुरुत्वीय लहर पकडली. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये भारतातल्या यंत्राला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला. काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान बदल टिपण्याची क्षमता.

या यंत्राचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. गुरुत्वीय लहरीही प्रकाशासारख्याच वस्तुमानाजवळ वळतात. दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली आणि वाटेत एखादी जड दीर्घिका आली, तर तीच लहर दोनदा येईल. दोन्ही वेळी कंपनांचा नमुना तोच, फक्त जोर वेगळा आणि मध्ये काही मिनिटांपासून काही महिन्यांपर्यंतचं अंतर. २०२५ पर्यंत अशी जोडी खात्रीने सापडलेली नाही. दोन स्वतंत्र घटना योगायोगाने सारख्या दिसू शकतात, हीच मुख्य अडचण. क्वेसारांच्या जोडीबद्दल १९७९ मध्ये जी शंका होती तीच इथे आहे, आणि इथे मदतीला वर्णपट नाही. अनुप्रीता आणि सुरहुद मोरे यांनी खरी जोडी ओळखण्याची संख्याशास्त्रीय पद्धत सुधारण्यावर काम केलं आहे.

लहर आकाशात कुठून आली हे दोन यंत्रांना नीट सांगता येत नाही, शेकडो चौरस अंशांचा पट्टा हाती येतो. हिंगोली जिल्ह्यातलं यंत्र पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला असल्यामुळे तो पट्टा बराच आक्रसेल. तरी त्या पट्ट्यात कोणती दीर्घिका भिंगामागची आहे, हे लायगो सांगू शकणार नाही. त्यासाठी आधीच बनवलेली भिंगांची यादी लागेल. युक्लिडने मार्च २०२५ मध्ये अवघ्या ६३ चौरस अंशांतून ५०० संभाव्य भिंगं जाहीर केली. संगणकाने निवडलेली चित्रं ‘स्पेस वार्प्स’च्या स्वयंसेवकांनी पाहिली आणि मग तज्ज्ञांनी. मोहीम संपेपर्यंत ही संख्या लाखाच्या घरात जाईल असा अंदाज आहे. चिलीतली रुबिन वेधशाळा २०२५ मध्ये सुरू झाली, तिची चित्रं यात भर घालतील.

ही चित्रं पाहायला मोबाइल आणि बऱ्यापैकी इंटरनेट पुरतं. कुरुंद्यातल्या अकरावीच्या मुलीला किरणं फुटलेला तारा, कडेने दिसणारी दीर्घिका आणि खरी कमान यांतला फरक सांगता यायला लागला, तर तिचा कौल त्या यादीत मोजला जाईल. दुधाळ्याचं यंत्र चालू झाल्यावर एखादी लहर दुसऱ्यांदा आली, तर ती ज्या यादीशी ताडून पाहायची ती हीच.